कुडाळ ते बांबोळी: लेप्टोतून बरे झाल्यानंतरच्या मानसोपचारासाठी केलेला प्रवास

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसने (लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या शेतातील पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग) गंभीर आजारी पडलेले माझे थोरले बंधू अतिदक्षता विभागातून घरी आले, मूत्रपिंडांचे काम सुधारले, कावीळही उतरली. झोप मात्र परतली नाही. दिवा मालवला की आपली खाट पाण्यात तरंगत आहे आणि हात बांधलेले आहेत असे त्यांना वाटे, आणि शेताचे नाव काढले तरी छातीत धडधड सुरू होई. महिना उलटूनही हे थांबेना, तेव्हा फिजिशियनच्या सल्ल्याने दादा, वहिनी आणि मी गोव्यातील बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्युमन बिहेवियर या मानसोपचार रुग्णालयात गेलो. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, परंतु कुडाळकरांना बांबोळी जवळ पडते.

राष्ट्रीय महामार्ग ६६ ने झाराप, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी आणि मांडवीचा पूल असा हा सरळ रस्ता आहे. पर्वरीला गाड्यांची गर्दी होते, म्हणून पहाटे निघावे. रेल्वेने गेल्यास करमळीला उतरून टॅक्सी करावी लागते. आजारातून उठलेला माणूस लवकर थकतो. कुठे आणि किती वेळ थांबायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. रुग्णालयाच्या आवारात शिरताना दादांना घाम फुटला, तेव्हा आम्ही बाहेरच झाडाखाली बसून राहिलो आणि त्यांनी स्वतः ‘चला’ म्हटल्यावर आत गेलो.

डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक रुग्णाच्या घरी पोहोचावे असे मला मनापासून वाटते. तीव्र संसर्ग, गुंगीची औषधे आणि मोडलेली झोप यांमुळे अतिदक्षता विभागातील अनेक रुग्णांना भ्रम होतो; त्या काळातील खरे प्रसंग आणि भास यांची स्मृतीत सरमिसळ होते आणि पुढे तीच भीतीच्या रूपाने उफाळून येते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, आजाराचाच उरलेला भाग आहे. वहिनींनी रुग्णालयात असताना एका वहीत रोज काय घडले, कोण भेटायला आले, कोणती नळी कधी काढली हे लिहून ठेवले होते. ती वही डॉक्टरांनी दादांसमोर सावकाश वाचायला लावली. नळ्या उपसू नयेत म्हणून काही काळ हात खरोखरच बांधले होते, पाणी मात्र कधीच नव्हते, हे उमगल्यावर दादा बराच वेळ रडले आणि मग प्रश्न विचारू लागले. स्कँडिनेव्हियन देशांत अशी रोजनिशी परिचारिका आणि नातेवाईक मिळून लिहितात. आपल्याकडे निदान घरच्यांनी तरी ती लिहावी.

जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल आवर्जून न्यावा, कारण मूत्रपिंडांना इजा झालेली असल्यास मानसोपचारातील काही औषधांची मात्रा बदलावी लागते. झोपेची गोळी मनाने वाढवू नये आणि अचानक बंदही करू नये. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचीही चौकशी व्हावी. वहिनींना स्वतःच्या घाबरेपणाविषयी तिथेच पहिल्यांदा मोकळेपणाने बोलता आले.

पुढील भेटीपर्यंत मन फार अस्वस्थ झाले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. दादांनी शेतात परतण्याची घाई करू नये असे ठरले आहे. आधी बांधापर्यंत चालत जायचे, आणि पुढच्या लावणीपूर्वी डॉक्सीसायक्लिनच्या लेप्टो-प्रतिबंधक गोळ्यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायचे.