व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं
न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून जाहीर व्याख्यानं आपल्या अंगवळणी पडली आहेत. प्रश्नोत्तरं मात्र अजूनही रुळावरून घसरतात. तासाभराच्या कार्यक्रमात परिचयाला ३ मिनिटं, भाषणाला ४०, उरलेला वेळ श्रोत्यांचा. परिचय लांबला की कात्री नेमकी प्रश्नांवर चालते, आणि ते फार वाईट. श्रोत्यांसाठी वेगळा माइक हवा, पण तो स्वयंसेवकानेच धरावा. हातात दिला की प्रश्नाचं भाषण होतं. चिठ्ठ्या घेतल्या तर बुजरेही विचारतात, पण प्रतिप्रश्न बुडतो, म्हणून दोन्ही ठेवावं. वक्त्याने उत्तराआधी प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगावा, नाहीतर ध्वनिमुद्रणात नुसतंच उत्तर उरतं. पहिला प्रश्न शक्यतो विद्यार्थ्याला द्या.