हर्णैचा मेश: होड्या सुटल्या आणि भार वाटला गेला

हर्णै बंदरात मी मेश चालवतोय: असं बिनतारी जाळं, ज्यातलं प्रत्येक यंत्र (नोड) इतरांची पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पोचवतं. त्यातले बरेच नोड होड्यांवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली. म्हणजे इतके दिवस आपले ‘मोबाइल’ नोड ठाण मांडून बसलेले होते. आता हंगाम सुरू झालाय आणि चाचणीला खरा अर्थ आलाय.

मांडणी पहिल्यासारखीच: रास्पबेरी पाय (छोटे संगणक), २.४ गिगाहर्ट्झवर अ‍ॅड हॉक मोड (मध्ये राउटर नाही, नोड थेट एकमेकांशी बोलतात), त्यावर आरएफसी ३५६१ या दस्तऐवजाला धरून मी लिहिलेला एओडीव्ही, म्हणजे गरज पडली की वाट (रूट) शोधणारा प्रोटोकॉल. एक नोड बंदरावर, एक पाजपंढरीत गच्चीवर, बाकीचे होड्यांवर.

पावसाळ्यातलं दुखणं असं, की एओडीव्ही फक्त हॉप (नोडावरून नोडावर मारलेल्या उड्या) मोजतो. बंदराचा नोड सगळ्यांच्या मध्ये, त्यामुळे सगळे रूट त्याच्यावरून. त्याची ६४ पॅकेटांची रांग तुंबलेली आणि पाजपंढरीचा नोड माश्या मारत बसलेला. म्हणून नियम घातला: रांग ४० च्या वर गेली की रूट रिक्वेस्ट (वाट शोधणारी विचारणा) पुढे पाठवायची नाही, २० च्या खाली आली की पुन्हा सुरू. दोन आकड्यांत अंतर हवंच, नाहीतर रहदारी या नोडवरून त्या नोडवर नुसती हेलकावत राहते. तोच नोड त्याच ठिकाणासाठी लगेच पुन्हा विचारत असेल, तर मात्र रिक्वेस्ट जाऊ द्यायची. दुसरी वाटच नसेल तर तो बिचारा काय करणार?

तरी फरक पडेना. मधल्या नोडकडे ताजा रूट असला की तोच परस्पर उत्तर देतो आणि नवी रहदारी जुन्याच तुंबलेल्या वाटेला लागते. त्यासाठी डी फ्लॅग लावला: उत्तर फक्त शेवटच्या नोडने द्यायचं. दुसरं कारण जास्त चिवट. रूटची मुदत डिफॉल्टने ३ सेकंद, पण प्रत्येक पॅकेटसरशी ती पुढे सरकते. तुटल्याशिवाय कोणी नवा रूट शोधतच नाही. पहिला बसलेला रूट जुन्या खोतासारखा बसूनच राहतो.

होड्या सुटल्यावर हे आपसूक सुटलं. होडी सुवर्णदुर्गाच्या आड गेली की लिंक तुटते, नवा शोध सुरू होतो आणि त्या शोधात तुंबलेला नोड गप्प राहतो. ज्या हालचालीला आपण एरवी शिव्या देतो, तीच इथे भार वाटून देते! फुकट नाही, अर्थात. लिलावाच्या वेळी होड्या एकदम बंदराकडे वळतात तेव्हा रिक्वेस्टचाच पूर येतो. सेकंदाला १० ची डिफॉल्ट मर्यादा मी ३ वर आणली.

लाटेवर होडी कलली की अँटेनाही कलतो आणि हॅलो (‘मी इथे आहे’ असे शेजारी नोडांना जाणारे छोटे संदेश) हरवतात. दर सेकंदाला एक हॅलो, दोन चुकले की लिंक मेली, असा मूळ हिशोब. दोनाचे चार केले. खोटी तुटातूट कमी झाली, पण खरी तुटलेली लिंक उशिरा कळते. सध्या हे चालवून घेतोय.

पुढचं काम स्थिर नोडांचं. रांग बराच वेळ ४० च्या वर राहिली, तर नोडने आपणहून एखाद्या शेजाऱ्याला युनिकास्ट रूट एरर (फक्त त्यालाच ‘ही वाट तुटली’ असा निरोप) द्यायची. कोणत्या, हे अजून ठरत नाहीये: सर्वांत जास्त पॅकेट पाठवणाऱ्याला, की सर्वांत शेवटी आलेल्याला? माझा कल दुसऱ्याकडे आहे. कोणी करून पाहिलं असेल तर आकडे द्या.