सिस्सूचा बर्फ आणि लॅबच्या पाच चकरा : माझा अनुभव

बर्फाचा फोटो मोठा छापून घ्यायचा असेल, तर फोटो छापणाऱ्या लॅबला देताना पाकिटावर ठळक अक्षरांत लिहा: ‘ऑटो करेक्शन करू नये’, म्हणजे मशीनने फोटो आपणहून बदलू नये. नुसते तोंडी सांगू नका. हे मला आधी कळले असते तर पाचपैकी चार चकरा वाचल्या असत्या. गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत एसटीने दोन तास, तेही आमच्या विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात. अजूनही त्या लॅबचा काउंटर आठवला की डोके तापते.

फोटो सिस्सूचा, म्हणजे हिमाचलात मनालीपलीकडे लाहौलमधल्या एका गावाचा. फेब्रुवारीत कापूस विकून मोकळे झालो आणि गावातले आम्ही सात जण मनालीला गेलो. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की पलीकडचे लाहौल महिनोन्महिने तुटलेले असायचे. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून रस्ता उघडा असला की थंडीतही तिकडे जाता येते. माझी माय गुडघ्यांमुळे आली नाही. निघताना तिने विचारले होते, “बर्फ कसा रायते रे? कापसावानी?” तिच्यासाठी एक तरी फोटो भिंतीवर लावायचा हे मी तिथेच ठरवले. पाने झडलेल्या झाडांची रांग, त्यापुढे सकाळच्या उन्हातला बर्फ, आणि मी चंद्रा नदीकडे जाऊन आलो त्या माझ्याच पावलांची एक ओळ. एवढाच फोटो आहे.

घरी लॅपटॉपवर उघडला तर बर्फ राखाडी. मायने वाकून पाहिले आणि म्हणाली, “हे त राखुंडी दिसून रायली.”

कारण नंतर समजले. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून प्रकाश मोजतो. शेत, झाडे, माणसे असली की हा हिशेब जमतो. सगळीकडे बर्फच असला की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. म्हणून बर्फात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ घेण्याची सेटिंग, +१ ते +२ वर न्यायचे असते. मी नेले नव्हते. अंगणातल्या कापसाच्या ढिगाचे माझे फोटो इतकी वर्षे मळके का यायचे, तेही त्या दिवशी कळले. हिमालयात जायच्या आधी हात बसवायचा असेल तर वेचणीचा कापूस अंगणात पडला की त्यावर सराव करा, अगदी तोच धडा आहे.

भाच्याने कॅमेरा देताना ‘मामा, रॉ चालू ठेवा’ असे बजावले होते, म्हणून निभावले. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, जेपेग म्हणजे नेहमीची तयार फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उजळवायला त्यात भरपूर जागा राहते. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात मी एक्स्पोजर सव्वा स्टॉपने वाढवले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ० म्हणजे पूर्ण काळे आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरे, त्यात उन्हातला बर्फ २३५ ते २४० च्या आसपास ठेवला. २५५ ला गेला की तिथे काहीच उरत नाही, छापल्यावर कोरा कागद दिसतो. क्षितिज सरळ केले, लेन्सच्या काचेवर पडलेल्या हिमकणांचे डाग पुसले. हे सगळे एका संध्याकाळी झाले.

रंगाने मात्र आठ दिवस घेतले. ‘हे पांढरे धर’ असे सॉफ्टवेअरला दाखवायचा व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर मी सावलीतल्या बर्फावर टेकवला, कारण तिथला निळेपणा मला चूक वाटत होता. सावली पांढरी झाली आणि उन्हातला सगळा बर्फ हळद लावल्यासारखा पिवळा. मग ध्यानात आले. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे उजेड येतो तो निळ्या आभाळाचा. ती निळाई खरी आहे. ड्रॉपर उन्हातल्या बर्फावर टेकवायचा, सावली निळसर राहू द्यायची, फारच भडक वाटली तर निळ्याचे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, थोडे उतरवायचे. निळाई पुरती काढली तर खड्डे आणि उंचवटे सपाट होतात, पावले तर दिसतच नाहीत. आणि पोत उठावदार करणारी क्लॅरिटीची पट्टी फार ओढू नका, बर्फाची वाळू होते.

फाइल मनासारखी झाली. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते सहज बसतात. पेन ड्राइव्ह घेतला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळची गाडी पकडली.

पहिली चकर फुकट गेली. लग्नसराई होती, काउंटरवर अल्बमचे गठ्ठे. फाइल घेतली, “उद्या या” म्हणाले. दोन तास येऊन दोन तास जाणाऱ्या माणसाला ‘उद्या’ म्हणताना त्यांना काही वाटत नाही, याचा राग मला आजही आहे. फोन नंबर दिला होता, प्रिंट झाली की कळवा म्हणालो होतो. कळवले नाही.

दुसऱ्या चकरेला प्रिंट मिळाली. पाकीट तिथेच उघडले. बर्फ पिवळट राखाडी, सावल्या मातीच्या रंगाच्या. मायची राखुंडी परत आली होती. काउंटरवरच्या पोराला विचारले, तो म्हणाला, “काका, बर्फात निळं कायले पायजे? मशीननं बराबर केलं ना!”

त्या ‘बराबर’ शब्दाने माझा तोल गेला. कारण झाले होते ते अगदी उघड होते. लॅबचे मशीन प्रिंट काढताना फोटो आपणहून दुरुस्त करते. ते सरासरी पाहते. फार उजळ दिसले की गडद करते, फार निळे दिसले की पिवळे घालते. लग्नाच्या, माणसांच्या फोटोंना ते बहुधा चालून जाते. पण कॅमेऱ्याने सिस्सूला केलेली चूक मी दहा रात्री बसून काढली होती, आणि मशीनने तीच चूक पुन्हा घालून दिली होती. वर पैसे घेतले.

मी सांगितले, करेक्शन काढून पुन्हा द्या. त्याने ऐकले ते एवढेच, की काकांना फोटो गडद वाटतो.

तिसऱ्या चकरेला प्रिंट पांढरीशुभ्र. इतकी, की पावलेच गायब. नदीकडे गेलेली सगळी ओळ पुसली गेली होती, झाडांखाली नुसता चकचकीत कागद. पोराने मशीनवर डेन्सिटी, म्हणजे छपाईचा गडदपणा, कमी करून हाताने उजळवली होती. “आता त पांढरा हाये,” तो म्हणाला. त्याच्याही पैशांची पावती झाली. बसस्टँडवर चव्वेचाळीस अंशाच्या उन्हात ती प्रिंट मांडीवर घेऊन मी दीड तास गाडीची वाट पाहिली.

चौथ्या वेळी ते म्हणाले, तुमची फाइलच खराब आहे. हे मला झोंबले, पण घरी येऊन मी तपासले, आणि तपासले ते बरे झाले. माझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वर होता. अशा पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर गडदच येतो. तो मी निम्म्यावर आणला, आणि पुढे रात्रीच, त्याच एका ट्यूबलाइटखाली काम केले. दिवसा खिडकीतले ऊन रंगांचा अंदाज बिघडवते. आमच्याकडे वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर आपोआप मंद होतो, तेव्हा रंगाला हात लावू नका. फाइल एसआरजीबीमध्येच, म्हणजे लॅबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, आहे ना हेही पाहून घेतले. अॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीची फाइल लॅबने ओळखली नाही तर रंग फिके येतात.

मग एक युक्ती सुचली, ती सगळ्यात कामाची. पावलांच्या जागेचा एकच तुकडा कापला, त्याच्या चार प्रती थोड्या थोड्या उजेडाच्या फरकाने केल्या, चारही ४ बाय ६ च्या एका कागदावर मांडल्या आणि प्रत्येकीखाली आकडा टाकला. मोठी प्रिंट वाया घालवण्यापेक्षा हा छोटा कागद आधी छापून पाहा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला तर तो पार आकसतो.

पाचव्या चकरेला मशीनवर दुसरे गृहस्थ होते, साठीकडे झुकलेले, पांढऱ्या सदऱ्यातले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढेच विचारले, “दादा, सदऱ्याला नीळ देता का?”

“देतो न जी. नाही दिली त पिवळा पडते.”

“मग माझ्या बर्फाची नीळ का धुता?”

त्यांनी कागद हातात घेतला, खिडकीशी गेले, बराच वेळ पाहिला. मग खुर्ची ओढून बसले, डेन्सिटी आणि तिन्ही रंग शून्यावर ठेवले, ऑटो बंद केले आणि माझ्यासमोर छोटी प्रिंट काढली. तीन नंबरचा तुकडा आम्हा दोघांनाही पटला. मोठी प्रिंट त्यांनी मॅट कागदावर काढायला सांगितली, कारण चकचकीत कागदावर उजेड चमकतो आणि बर्फाचा पोत लपतो. वीस मिनिटांत काम झाले. वीस मिनिटांच्या कामासाठी दीड महिना गेला, हे मी विसरू शकत नाही. पण त्या दादांचे उपकारही विसरणार नाही.

फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर लावू नका. काचेत दारच दिसते. आमची मी देवघराशेजारी, आडव्या भिंतीवर लावली.

मायने खाटेवरून उठून जवळ जाऊन पाहिले. काचेवर बोट ठेवले, झाडांपासून खाली नदीपर्यंत नेले.

“इकडून कोन गेलं रे?”

“मीच गेलो माय.”

“एकटाच?” ती म्हणाली, आणि बोट पुन्हा वर नेऊन पावले मोजू लागली.