होपटन हाउस: एका दर्शनी भिंतीमागची दोन घरं

एडिंबरोच्या वेव्हर्लीहून फाइफकडे जाणाऱ्या गाडीने डॅलमेनीला उतरायचं, जेमतेम वीस मिनिटांत. तिथून होपटन हाउस, होप घराण्याचा हा जुना वाडा, पाच-सहा किलोमीटर. खाडीकाठाने चालत गेलात तर १८९०, १९६४ आणि २०१७ सालचे फोर्थ खाडीवरचे तिन्ही पूल ओळीने दिसतात, पण वारा सोसायची तयारी हवी. टॅक्सी केलीत तर परतीचीही तेव्हाच ठरवून ठेवा. घर हिवाळ्यात बंद असतं, बाकी तारखा संकेतस्थळावर बघूनच निघा.

पोचल्यावर बहुतेक जण सरळ पूर्वेच्या दारातून आत शिरतात आणि तिथेच फसतात. आधी वळसा घालून पश्चिमेला, बागेच्या बाजूला जा. ते मूळ घर, वास्तुकार सर विल्यम ब्रूसचं, १६९९ साली सुरू झालेलं. दगडांच्या थरांमधल्या आडव्या, खोल खाचा जवळ जाऊन पाहा. सगळी शोभा त्या रेघांचीच, अंगावर दागिना नाही. मग पूर्वेला या. इकडे १७२१ पासून वास्तुकार विल्यम अ‍ॅडमने त्याच घराला नवा, भव्य चेहरा चढवला: भिंतीला चिकटलेले उंच चपटे खांब आणि दोन्हीकडे कमानीसारख्या वळत जाणाऱ्या स्तंभरांगा. मधे आराखड्यातला मोठा खांबांचा मंडप मात्र कधीच झाला नाही, म्हणून एवढ्या थोरल्या भिंतीत दार जरा पोरकं वाटतं. अ‍ॅडम १७४८ मध्ये गेला. आतलं काम जॉन आणि रॉबर्ट या मुलांनी पुढे नेलं.

आत ही सांधेजोड पायांना कळते. अ‍ॅडम बंधूंचे दिवाणखाने प्रशस्त, ब्रूसच्या खोल्या लहान, लाकडी फळ्यांनी मढवलेल्या. लाल दिवाणखान्यात आधी मान वर करा: छतावरची चुन्याची नक्षी. भिंतीवरचं दमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेलं रेशीम, अठराव्या शतकातलं आहे, हात लावू नका. पिवळ्या दिवाणखान्यात १८२२ साली राजा चौथ्या जॉर्जने चित्रकार रेबर्नला ‘सर’ हा किताब दिला. सगळ्यात जास्त वेळ ठेवा तो ब्रूसच्या अष्टकोनी जिन्यासाठी. पाइनच्या लाकडात कोरलेली फुलं-फळं अलेक्झांडर आयझॅटची. भिंतीवरची चित्रं मात्र १९६७ ची, विल्यम मॅक्लॅरनची. अनेक जण तीही जुनीच समजतात. गच्ची उघडी असेल तर चढाच.

आपल्याला हे होप घराणं ठाऊक आहे ते वेगळ्याच नावाने. १९३६ ते १९४३ व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो याच घराण्याचे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यावर गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये डांबलं गेलं, ते यांच्याच कारकिर्दीत.

फोटोंसाठी सकाळी पूर्वेची बाजू, दुपारनंतर पश्चिमेची. उलट केलंत तर दगड करडा येतो आणि त्या खाचा दिसतच नाहीत.