झटका कुणाला आला?

स्पॅनिश शिकताना एका वाक्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले: 'मे दिओ उन आताके दे नेर्विओस', म्हणजे 'मला नसांचा झटका (आताके) आला'. त्यात कर्ता बोलणारी बाई नसून झटका आहे. 'मला रडू आले', 'मला भोवळ आली' असे रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटाच्या लोकांना हा झटका चांगला परिचित आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी येते, किंवा दफनाच्या वेळी मुलगी किंचाळू लागते, थरथरते, छातीतली आग डोक्याकडे चढते, कधी ती कोसळते आणि नंतर तिला काही आठवत नाही. नातेवाईक तिला धरून बसतात. तेवढ्यावरून तिला कोणी वेडी ठरवत नाही. अमेरिकी लष्करातील डॉक्टरांनी मात्र १९५०च्या दशकात पोर्तो रिकन सैनिकांमध्ये हेच पाहून त्याला 'पोर्तो रिकन सिंड्रोम' म्हटले, जणू लोकांकडे त्याला नावच नव्हते! पुढे १९९४ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात 'आताके' आला. (वीर्य जाऊन अशक्तपणा येतो ही आपल्याकडची भीती, 'धात', हीसुद्धा त्याच यादीत होती.) त्याला सरसकट पॅनिक अटॅक समजणे चूक आहे, कारण पॅनिक अनेकदा निमित्तावाचून येतो आणि त्यात भीती मुख्य असते, तर आताकेमागे बहुधा एखादा आघात किंवा घरातले भांडण असते.

भाषेचा पेच याहून अवघड आहे. न्यूयॉर्कमध्ये मानसोपचारतज्ज्ञ लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली स्किझोफ्रेनियाच्या दहा स्पॅनिशभाषक रुग्णांच्या स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील मुलाखती तपासल्या, तेव्हा इंग्रजीत तेच रुग्ण अधिक आजारी वाटले. परक्या भाषेत शब्द शोधताना माणूस अडखळतो, तुटक बोलतो, त्याचा आवाज सपाट होतो. ऐकणाऱ्याला ती आजाराची लक्षणे वाटतात. त्याआधी १९७० मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी नेमका उलटा अनुभव नोंदवला होता: मातृभाषेत भ्रम उघड दिसत, इंग्रजीत ते झाकले जात. मला दोन्ही पटतात. परकी भाषा नसलेला आजार दाखवू शकते आणि असलेला लपवूही शकते.

त्याच निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत, रुग्ण स्वतःचा त्रास कसा समजतो हे जाणून घेण्यासाठी, सोळा प्रश्नांची मुलाखत आहे. तुमचा त्रास घरच्यांना कसा सांगाल, असेही त्यात विचारतात. पण दुभाषा म्हणून शेजारी दहा वर्षांचा मुलगाच बसलेला असेल, तर आईला जे त्याच्यापासून लपवायचे आहे, तेच त्याच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचवावे लागते.