उसाचं थकलेलं बिल आम्ही कसं मिळवलं : माझा अनुभव

२०१८-१९ च्या हंगामात आमचा ऊस जानेवारीत साखर कारखान्याला गेला. केज तालुक्यात त्या साली दुष्काळ होता, निम्मी लागण पाण्यावाचून वाळली होती. उरला तो ऊस वेळेवर तुटला एवढंच समाधान. पण बिल काही येईना. चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, विचारलं की तो कारखान्याच्या शेतकी ऑफिसकडं पाठवायचा आणि तिथले लोक म्हणायचे, "साखरेला उठाव नाही दादा, थोडी कळ काढा."

उठाव नव्हता हे खरंच होतं. साखरेचे भाव पडले म्हणून केंद्राने जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये किमान विक्री दर ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. आमच्या कारखान्याची साखर मालतारण कर्जापोटी, म्हणजे माल गहाण ठेवून काढलेल्या कर्जापोटी, बँकेच्या कुलपात होती. कारखाना बुडावा असं मला कधीच वाटलं नाही. तो बंद पडला तर आमचा ऊस उभाच राहील. म्हणून सरकारनं कारखान्यांना हात द्यावा, या मताचा मी आजही आहे. मात्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर पुढं वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे लाखामागं महिन्याला साडेबाराशे रुपये.

बिल थांबलं की त्यामागं बरंच काही थांबतं, हे शहरातल्या माणसाला कळत नाही. सोसायटीचं पीक कर्ज उसाच्या बिलातूनच वळतं होतं. ३० जूनच्या आत भरलं तरच व्याजाची सवलत. बिल नाही म्हणून आम्ही थकबाकीत गेलो, सवलत गेली, नवं कर्ज अडलं, आणि सोयाबीनचं बियाणं दुकानदाराच्या उधारीवर आणावं लागलं. पैसे थकवले कारखान्यानं आणि थकबाकीदार म्हणून सोसायटीच्या यादीत नाव लागलं माझं. याची चीड अजून जात नाही.

मग गावातल्या काही ऊस उत्पादकांनी मिळून प्रादेशिक साखर सहसंचालकांकडं अर्ज केला आणि प्रत पुण्याला साखर आयुक्तांना व इकडं जिल्हाधिकाऱ्यांना दिली. अर्ज सामायिक असला तरी प्रत्येकाचा तक्ता वेगळा जोडला : गट नंबर, पावती नंबर, तारीख, निव्वळ वजन. हा तक्ता फार महत्त्वाचा. १४ दिवस प्रत्येक गाडीच्या तारखेपासून मोजायचे असतात, त्यामुळं व्याजही त्या-त्या पावतीवर निघतं. माझ्या काट्याच्या पावत्यांची शाई उडत चालली होती. भरलेल्या गाडीचा आकडा दिसायचा, रिकाम्या गाडीचा पुसट. आधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. सोबत पासबुकाची प्रत, म्हणजे पैसे जमा नाहीत हे दिसावं. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का मारून घेतला.

याच सुमारास केंद्राची सॉफ्ट लोन योजना आली. कर्ज बँकेचं, व्याजाचा भार वर्षभर सरकारचा. यातली मला सगळ्यात पटलेली अट अशी, की थकीत एफआरपीची, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दराची, रक्कम बँकेनं थेट शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायची. त्यासाठी कारखान्यानं शेतकऱ्यांची यादी खाते क्रमांकासह बँकेला द्यायची होती. आम्ही शेतकी ऑफिसात बसून ती यादी ओळीनं वाचली. माझ्या चुलत्यांच्या नावापुढं दुसऱ्याच शाखेचा आयएफएससी कोड, एका विधवा बाईंच्या उसापुढं वारलेल्या नवऱ्याचं बंद खातं. दुरुस्त्या लेखी दिल्या. ज्यांनी यादी पाहिलीच नाही, त्यांचे पैसे कितीतरी दिवस परत जात राहिले.

कर्जात सगळी बाकी भागली नाही. राहिलेल्या रकमेसाठी साखर आयुक्तांपुढं सुनावणी झाली आणि आरआरसी निघाली. आरआरसी म्हणजे जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुलीचा आदेश. तो जिल्हाधिकाऱ्यांकडं येतो, तिथून तहसीलदार साखर, मळी, बगॅस (उसाचं चिपाड) यांचा पंचनामा करून जप्ती करतात. इथं पुन्हा बँकेचा ताबा आडवा आला. पत्रं इकडून तिकडं फिरली, तोवर आम्ही तहसीलला जात राहिलो. शेवटी साखर विकली गेली तशी मुद्दल टप्प्याटप्प्यानं खात्यावर आली.

बिल निघताना एक छापील कागद पुढं आला : "व्याजाबाबत माझी तक्रार नाही." आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सही केली, त्यांना दोष देत नाही, दवाखाना आणि लग्नं थांबत नसतात. मी नाही केली. आरआरसीत 'व्याजासह' असं लिहिलेलं आहे आणि व्याजाचा माझा अर्ज चालू आहे.

आता ऊस नोंद देताना मी फॉर्म पूर्ण वाचतो. १४ दिवसांची अट लागू होते ती उलट लेखी करार नसेल तरच. आणि नोंदीच्या फॉर्मवर बारीक अक्षरात "बिल हप्त्यानं घेण्यास संमती" असं छापलेलं असतं. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तरी कागदावर आपण स्वतः सही दिली तर भांडायचं कशाच्या जोरावर? यंदा ती ओळ खोडून, शेजारी सही करून फॉर्म दिला. लिपिकानं आधी कुरकुर केली, मग घेतला. पोच माझ्याकडं आहे.