शेजारी बसून ऐकताना: बेळगावच्या पियानो शिबिरातला माझा अनुभव

आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे मूल घरी नेमकं काय करतं. वहीत आई लिहून पाठवते, "रोज अर्धा तास वाजवलं." त्या अर्ध्या तासात काय झालं हे आईलाही ठाऊक नसतं, ती स्वयंपाकघरात असते. टिळकवाडीत मी बरीच वर्षं पेटी आणि कीबोर्ड शिकवतेय, पण मुलांचा रियाज जवळून बघायला मिळाला तो उन्हाळ्याच्या पियानो शिबिरातच.

शिबिर कॅम्पातल्या एका जुन्या शाळेत होतं. आमच्याकडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात परीक्षा आटोपतात आणि मेअखेरीस शाळा पुन्हा भरतात, तेवढेच दिवस हाती असतात. शिकवायला आम्ही तिघं: मडगावचे एक ज्येष्ठ सर, पुण्याहून आलेली एक तरुण शिक्षिका आणि मी. मुलं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची. दोघं गोकाकची, ती घरी कानडीच बोलणारी. सरांची कोकणी आणि इंग्रजी, पुण्याच्या मॅडमचं पुस्तकी मराठी आणि ही मुलं, यांच्यामध्ये बोलणारं कुणीतरी हवं होतं. शिवाय निम्मी मुलं पेटीवरून पियानोकडे आलेली. मला बोलावणं आलं ते या दोन कारणांनी, माझ्या पियानोवादनावर भाळून कुणी बोलावलं नाही, हे आधीच सांगते.

पेटीवरून आलेलं मूल लांबूनही ओळखू येतं. उजवा हात भरभर चालतो आणि डावा मांडीवर पडून असतो, कारण इतकी वर्षं त्याचं काम भाता हलवायचं. दुसरं म्हणजे पेटीत सूर दाबून धरला की भात्यात हवा असेतो वाजत राहतो, आणि पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. सूर निघाला त्या क्षणापासून विरायलाच लागतो, आणि तो लहान की मोठा हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतं. पहिल्या दिवशी मुलं पट्ट्या दाबून धरून सूर लांबायची वाट बघत बसली होती.

उलट या मुलांकडे जे होतं ते सरांनाही हेवा वाटावं असं होतं. पेटीवाले सप्तकातल्या पट्ट्या रंगाने आणि क्रमाने ओळखतात; काळी एक, पांढरी चार म्हटलं की बोट आपसूक तिथे जायचं. कान तयार होता. कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीत जन्मले, म्हणजे इथून अगदी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमच्याकडे गाणं आलं नाही तरी चालतं, बेसूर चालत नाही. एक आजोबा पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पेटी सोडून हे कशाला ओ बाई?" त्यांना काही उत्तर दिलं नाही. नातू आत जाऊन बसलासुद्धा होता.

शाळेत एक जुना अपराईट, म्हणजे उभ्या तारांचा पियानो होता, बाकी सगळे डिजिटल आणलेले. अपराईटसाठी शिबिराच्या आदल्या दिवशी गोव्याहून ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारे, चोर्ला घाटाने आले. ज्या मुलांना त्या दिवशी येता आलं त्यांना आम्ही बसवूनच घेतलं. पट्ट्या ८८, पण आत तारा सव्वादोनशेच्या घरात: खर्जाला एकेक, त्याच्यावर दोन-दोन आणि मधल्या-वरच्या सुरांना तीन-तीन. ट्यूनरनी फेल्टची लांब पट्टी तारांमध्ये खोचून बाजूच्या तारा गप्प केल्या, आधी मधली तार मिळवली आणि मग एकेक बाजूची तिच्याशी. दोन तारांत किंचित फरक असला की आवाजात लाट उठते. खुंटी केसभर फिरवली की लाट सावकाश होते, आणखी फिरवली की थांबते. तानपुऱ्याची जोड मिळवताना हेच ऐकतो, म्हणून मुलांना ते चटकन कळलं. निपाणीची मुलगी तर ट्यूनरच्या आधी "आलं!" म्हणायला लागली. दोनेक वळीव पडून गेले होते, हवेत दमटपणा होता, एक-दोन पट्ट्या फुगून अडकत होत्या, त्याही त्यांनी काढून घासून दिल्या.

मग खुर्च्यांचा घोळ. कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं, म्हणून लहान मुलांना उंच बसवायचं, पण मग पाय लोंबकळतात आणि लोंबकळत्या पायांनी पाठ कधी सरळ राहत नाही. पायाखाली ठेवायला स्टूल मिळेनात. शेवटी माझ्या घरून आणि शेजारणींकडून जेवायचे पाट आणले. पाटावर पाय टेकताच मुलांचे खांदे खाली आले. त्या पाटांची नंतर सगळ्यांनी चेष्टा केली, पण ते शेवटपर्यंत तिथेच होते.

दिवसाची रचना साधी होती. सकाळी प्रत्येकाला शिक्षकाबरोबर थोडा वेळ, मग रियाज, दुपारी जेवण, पुन्हा रियाज, संध्याकाळी एकाने सगळ्यांसमोर वाजवायचं आणि सरांनी त्यावर बोलायचं. कागदावर रियाजाच्या तासांना शिक्षकाचं नाव नव्हतं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "हाच तर आपला तास." प्रत्येक मुलाच्या शेजारी आळीपाळीने बसायचं, काही शिकवायचं नाही, फक्त बघायचं. मला ते जरा विचित्र वाटलं. फी घेऊन नुसतं बसायचं?

खानापूरच्या मुलाजवळ बसले. तो जी मेजरमधला एक मिन्युएट, म्हणजे एका जुन्या युरोपीय नाचाची धून, वाजवत होता. अजून बरेच जण तो बाखचा म्हणतात. ॲना माग्डालेना बाखच्या वहीत सापडल्यामुळे तसा समज झाला, पण तो आहे ख्रिस्तियान पेट्झोल्ड या संगीतकाराचा. एकूण ३२ बार, म्हणजे स्वरलेखनात उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे खण. मुलगा सुरुवातीपासून छान वाजवत आला, विसाव्या बारला अडखळला, थांबला आणि परत पहिल्यापासून सुरू. पुन्हा तिथेच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास हेच. सुरुवातीचे बार त्याने इतके घोटले की झोपेत येतील, आणि विसावा बार प्रत्येक खेपेला एकदाच वाजला, तोही चुकीचा. म्हणजे चूकच पाठ होत होती. मी विचारलं, "अरे, रियाज करतोयस की नुसतं सुरुवात करतोयस?" तो म्हणाला, "वाजवालोय की टीचर, सगळं!" त्याचंही खरंच होतं.

सरांनी त्याच्या कागदावर दर आठ बारांवर पेन्सिलीने अ, ब, क, ड लिहिलं. नियम एवढाच की उद्यापासून पहिल्यांदा ड वाजवायचं, मग क, अ सर्वांत शेवटी. आणि वाजवताना चुकलं तर मागे न जाता पुढच्या अक्षरावर उडी मारायची.

पण विसाव्या बारला बोट अडतं का, हे अजून कळायचं होतं. सर मॉड्युलेशन वगैरे सांगत होते, मुलगा मान डोलवत होता आणि डोळ्यांत काही नव्हतं. मी म्हटलं, "तुझा सा कुठे?" "पांढरी पाच." बरोबर. बिलावलाचे, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, शुद्ध नी म्हणून काळी तीन. "मग क मध्ये ही काळी एक कशाला आली?" तो थोडा विचार करून म्हणाला, "तीव्र म?" म्हटलं, तसंही म्हण, पण आता पांढरी दोनला सा मानून वाज. त्याने वाजवलं आणि काळी एक शुद्ध नी होऊन बसली. "म्हणजे इथं घर बदललं व्हय?" हो. ड मध्ये काळी एक जाऊन पांढरी एक परत येते, तिथे पुन्हा पहिल्या घरी. त्या दिवसापासून तो बार अडला नाही. सरांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा आनंद झाला होता.

सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही हेही तिथेच दिसलं. सरांची एक युक्ती होती: डावीकडे तीन चिंचोके ठेवायचे, चार बार बिनचूक वाजले की एक चिंचोका उजवीकडे, चुकलं की सगळे परत डावीकडे. खानापूरचा मुलगा आणि गोकाकची भावंडं यावर खूश. त्यांची आपापसांत "ओंदू, एरडू, मूरू" मोजत पैज लागायची. शहापूरच्या एका मुलीला मात्र तिसऱ्या चिंचोक्याला घाम फुटायचा, आणि तिथेच ती चुकायची. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे भरलेले दिसले. पुण्याच्या मॅडमनी तिचे चिंचोके गुपचूप उचलले आणि तिला सांगितलं, तू वाजव आणि मला सांग, कुठला सूर सगळ्यांत मोठा झाला. तिचं लक्ष चुकण्यावरून आवाजावर गेलं. यावर सर आणि मॅडम यांची जेवताना चांगलीच जुंपली. सरांचं म्हणणं, परीक्षेत घाम फुटणारच, आताच सवय हवी. मला मॅडमचं पटलं. अकरा वर्षांच्या मुलीला सवय लावायला अजून बराच वेळ आहे.

एका दुपारी वळवाने गाठलं. ढग गडगडायला लागले तसे आम्ही डिजिटल पियानोंचे प्लग काढले, आणि तेवढ्यात वीज गेलीच. वाजण्याजोगा फक्त अपराईट उरला आणि त्याच्यासाठी मारामारी. सरांनी सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि म्हणाले, "बाकावर वाजवा." मुलं हसली, पण वाजवायला लागली. मी मधून फिरत होते. आवाज नसल्यावर बोटं फार खरं बोलतात. निपाणीच्या मुलीचा उजवा हात व्यवस्थित चालला होता आणि डावा काही वेळाने नुसताच हवेत. रोज उजव्या हाताचा सूर ऐकून डावा अंदाजाने मागे जायचा, त्याचं स्वतःचं काही पाठ नव्हतंच. मग त्या तासात तिने डाव्या हाताचे सूर नावं घेऊन मोठ्याने म्हटले, आधी एकटे, मग उजव्या हाताबरोबर. वीज यायला संध्याकाळ झाली. त्यानंतर वीज असतानाही रोज थोडा वेळ बाकावर वाजवायचं ठरलं.

मधल्या काळात किरकोळ भानगडी बऱ्याच झाल्या. खानापूरहून कुणीतरी टोपलीभर करवंदं आणली आणि त्यांच्या चिकाने पांढऱ्या पट्ट्या चिकट झाल्या. मग हात धुतल्याशिवाय पियानोला हात लावायचा नाही असा फलक लागला, मराठी आणि कानडी दोन्हीत.

पालकांशी बोलणं हे वेगळंच प्रकरण. बहुतेकांचा एकच प्रश्न, "या वर्षी कितवी ग्रेड होईल?" काहींची मुलं वर्षभर परीक्षेचे तीन तुकडे, म्हणजे तीन रचना, तेवढ्या घोटत होती. त्यांना मी गणित मांडून दाखवायची. एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडला एकूण १५० गुण. तीन तुकड्यांना प्रत्येकी ३०, स्केल्सना (आरोह-अवरोह) २१, समोर टाकलेलं नवीन स्वरलेखन वाचून वाजवायला २१ आणि कानाच्या चाचणीला १८. पास व्हायला १०० लागतात. म्हणजे तिन्ही तुकड्यांत पैकीच्या पैकी मिळाले तरी ९०, नापासच. हे ऐकून एक वडील गप्प झाले आणि म्हणाले, "मग क्लासमध्ये हे कुणी सांगितलं नाही ते." व्हिडिओ पाठवून द्यायची, चार तुकड्यांची दुसरी परीक्षाही आहे, तीही मी सांगितली, पण लहान मुलांना वाचन आणि कान सोडून देऊ नये असंच माझं मत आहे. कानाच्या १८ गुणांत तर आमची पेटीवाली मुलं पुढेच असतात.

शेवटच्या संध्याकाळी पालकांसमोर वादन झालं. खानापूरचा मुलगा अ, ब नीट वाजवून क मध्ये शिरला आणि दुसऱ्याच कुठल्या तरी सुराला अडखळला. मी शेजारीच पानं उलटायला बसले होते. त्याचा हात थबकला, डोळे ड वर गेले आणि तो तिथून उचलून शेवटपर्यंत गेला. त्याच्या आजोबांना काही कळलंच नाही. टाळ्या वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "एवढंच व्हय? मोठं असंल म्हटलं."

तेच आजोबा, पेटी सोडून हे कशाला विचारणारे. जाताना त्यांनी विचारलं, असला पियानो घरात घ्यायचा तर काय घ्यावं. मी सांगितलं की ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड नको, त्यावर बोटाला वजनच लागत नाही. घ्यायचा तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल, जुना मिळाला तरी चालेल, आणि घाई नको. किंमत ऐकून त्यांनी टोपी सारखी केली. शाळेने अपराईट शनिवारी दुपारी वाजवायला दिलाय, त्यामुळे सध्या पोरगा खानापूरच्या बसने येतो, दोन तास वाजवतो आणि जातो. बाकीचे दिवस उजवा हात घरच्या पेटीवर आणि डावा जेवणाच्या टेबलावर. भाता आजोबा हलवतात.